व्हिएतनामच्या बाया

व्हिएतनाम नावाचा देश नकाशात नेमका कुठे आहे, हे गेल्या पोळ्यापर्यंत मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. आज तिथल्या बायका सकाळी किती वाजता कामावर येतात, किती वाजता जेवतात आणि कशावर बसतात, हे सगळं मला पाठ आहे. माणसाच्या डोक्यात नको ते ज्ञान शिरतं ते असं.

मी भागवत. दुसरबीडला रस्त्यापासून जरा आत माझं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. आमच्या भागात ही हिरव्या जाळीची घरं इतकी झाली आहेत की नव्या माणसाला वाटावं, इथे कुणीतरी लग्नाचे मांडव टाकले आणि सोडायला विसरलं. आत आम्ही मिरची लावतो, पण खायची नाही, बियाण्याची. कंपनी दोन जातींची रोपं देते, एक नर, एक मादी. मादीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर एकही मागे न ठेवता काढायचे, नराच्या फुलाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला क्रॉसिंग म्हणतात. एक बाई सकाळी सातपासून दुपारी अडीचपर्यंत अशा हजार कळ्या करते. एखादी हुकली आणि आपली आपणच फळली, तर तिचं बी अशुद्ध. शंभरात दोनपेक्षा जास्त अशुद्ध निघालं की कंपनी सगळा माल नाकारते.

हे काम पुरुषाच्या हातचं नाही. मी करून पाहिलं आहे. दोन तासांत सत्तावीस कळ्या केल्या, त्यातल्या एकोणीस संध्याकाळपर्यंत गळल्या, आणि उरलेल्या आठ वंदनाने संशय घेऊन स्वतःच खुडून टाकल्या. वंदना माझी बायको. तिचा हात आमच्या टोळीत सगळ्यात जलद. तिच्यासकट तेरा बायका, आणि त्यांतलीच रुख्मिणीमावशी त्यांची पुढारी. मावशीचं वय कुणाला विचारायची हिंमत नाही. तिच्या शब्दाबाहेर टोळी जात नाही, आणि टोळीच्या शब्दाबाहेर मी जात नाही, कारण फूल थांबत नाही. बायका दोन दिवस आल्या नाहीत तर हंगाम गेला.

तर पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा हर्षल साहेब मोटारसायकलवर आला. तिशीच्या आतला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, काखेत टॅब, बोलणं असं शुद्ध की ऐकताना आपणच आपल्या शर्टाची बटणं तपासावीत. "काका," तो म्हणाला, "कंपनीचं म्हणणं असं आहे, की हेच काम व्हिएतनाममध्ये एक बाई दिवसाला चौदाशे कळ्या करते. आणि बियाण्याचा भाव तुमच्यापेक्षा पंचवीस टक्के कमी. तुम्हीही त्या भावात देणार असाल तर उत्तम. नाहीतर पुढच्या हंगामाचा प्रोग्राम तिकडे जाईल. दिवाळीनंतर ठरेल."

प्रोग्राम म्हणजे कंपनीने नेमून दिलेलं पीक. तो गेला की शेडनेट रिकामं. रिकाम्या शेडनेटचा उपयोग काय, यावर वंदनाने फार पूर्वी पापड वाळवायची सूचना केली होती, पण पापडाला ऊन लागतं आणि शेडनेट उन्हापासून वाचायला बांधतात. म्हणजे तेही नाही. खरं सांगतो, मी घाबरलो. सहा वर्षांपूर्वी मी चिखलीच्या बाजारात दुसऱ्याच्या मालाची पोती शिवत होतो. मला लोक आज "भागवतभाऊ" म्हणतात ते या मिरचीमुळे. मिरची गेली तर पुन्हा "ए भागवत, सुतळी आण" हेच.

हर्षल साहेबाने जाताना धीर म्हणून एक व्हिडिओ दिला. दोन मिनिटांचा. व्हिएतनामच्या बायका क्रॉसिंग करताना. "हा तुमच्या महिलांना दाखवा," तो म्हणाला, "प्रेरणा मिळेल."

इथे माझी अक्कल चरायला गेली होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांना जमवलं. भाषण केलं. म्हणालो, जग कुठं चाललं अन् आपुन कुठं हावोत, आपली गाठ आता शेजारच्या शालिग्रामशी नाही, साता समुद्रापारच्या बायांशी आहे. मग काजलच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. काजल ही टोळीतली सगळ्यात तरुण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि डोक्याला कायम लाल रुमाल. तेरा डोकी मोबाईलवर वाकली. पिवळ्या टोपीतली एक बाई अशी सपासप चिमटा चालवत होती की तिची बोटं दिसेनात.

व्हिडिओ संपला. तेराही डोकी वाकलेलीच राहिली. मला वाटलं, लागली गोळी बरोबर.

"काजल, पुन्हा लाव वं," रुख्मिणीमावशी म्हणाली.

पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मावशीने मध्येच थांबवायला लावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"भागवता, ह्या बाया कायवर बसेल हायेत?"

"मावशी, हात पाह्य त्यायचे. हात!"

"हात पाह्यले. आता खालचं पाहून राह्यली. स्टूल हाय थे. समद्यायच्या खाली स्टूल हाय."

"अन् पंखा!" कुणीतरी ओरडलं. "जाळीत पंखा हाय वं माय!"

"टोप्या पाह्य ना कशा. आपल्याले दुपारी डोक्यावर पदर घ्या लागते तं हात अडकते."

"मंग चौदाशे काऊन नाई होनार?" मावशी म्हणाली. "आमी उकिडवं बसून हजार करतो. तुले तं आमचा हार घालून सत्कार कराले पायजे."

मी मदतीसाठी वंदनाकडे पाहिलं. घरचं माणूस. ती म्हणाली, "बराबर हाय मावशीचं. कमरेचा भुगा झाला पार."

"तू कोनाकडून हायेस?" मी हळूच विचारलं.

"मी माह्या कमरेकडून हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तेराही जणी आल्या आणि जाळीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही. एकीने गवार निवडायला काढली. मावशीने सांगितलं, "स्टूल आलं का आतमंधी येतो." वंदनाही त्यांच्यातच बसली होती. सकाळी मला चहा तिनेच दिला होता आणि त्यावेळी अक्षर बोलली नव्हती.

आत कळ्या उमलायला लागल्या. मी आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं. सव्वाआठला मी गाडी काढली. रस्त्यावरच्या दुकानदाराला माझी अडचण माझ्या आधी कळली होती, त्यामुळे त्याने तेरा स्टुलांचा भाव एका पैशानेही कमी केला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण शालिग्रामचं शेडनेट माझ्या बांधाला लागून. त्याच्या बायकांनी जाळीतून माझे स्टूल पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे स्टूल आले, आणि तेही पाठ टेकायचे. मग माझ्या बायका त्याच्या जाळीकडे बघायला लागल्या, तेव्हा मी टोप्या आणल्या. त्याने टोप्या आणि चहाचा थर्मास आणला. मी पंखा लावला. त्याने पंखा लावून वर गाणी लावली. व्हिएतनाम राहिलं बाजूला, आमच्या दोघांच्यातच महायुद्ध पेटलं. चार वर्षांपूर्वी बांधावरच्या एका बाभळीवरून आमचं बोलणं बंद झालं होतं, त्यामुळे समोरासमोर बसून हे थांबवायचीही सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, जरी ती मी वंदनासमोर अजून केलेली नाही. स्टूल आल्यावर हजाराच्या साडेअकराशे झाल्या. मी हर्षल साहेबाला आनंदाने फोन केला.

"छान," तो म्हणाला, "पण चौदाशे हवेत, काका. वरचे साहेब म्हणतात, त्या महिला लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. त्यामुळे चिमट्यावर हात बसलेला असतो."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर दोन मिळाल्या. मी रात्रभर विचार केला, सकाळी बांबूच्या सव्वीस काड्या तासल्या आणि दहाच्या सुट्टीत पोह्यांच्या प्लेटांबरोबर वाटल्या. समजावून सांगितलं की हा सराव आहे, रोज वीस मिनिटं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशीने काड्या हातात घेतल्या, पोह्यातून एक शेंगदाणा उचलला, तो अलगद माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घे. आता बाकीचे पोहे हातानं खाऊ दे. पन्नास वर्सं झाली, माह्या हाताले माहं तोंड सापडते."

काड्या नंतर शेडनेटच्या कोपऱ्यात घरच्यासाठी लावलेल्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लागल्या.

दिवाळी आठ दिवसांवर आली. हर्षल साहेबाचा निरोप आला की पाडव्यानंतर तो कागद घेऊन येतो आहे, कमी भावाच्या करारावर सगळ्या प्लॉटवाल्यांच्या सह्या हव्यात, ज्याची सही नाही त्याचा प्रोग्राम नाही. पंचवीस टक्के कमी म्हणजे माझ्याकडे पंख्याचं वीजबिल भरून काही उरत नव्हतं. सही केली तरी मेलो, नाही केली तरी मेलो. घरात मी चिडचिड करायला लागलो. भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो, आणि वंदनाने दाखवून दिलं की मी अजून भाजी खाल्लीच नव्हती.

अशात एका सकाळी काजल नऊ वाजता काम सोडून माझ्याकडे आली.

"भाऊ, थे पिवळ्या टोपीवाली सापडली."

"कोन?"

"व्हिएतनामवाली. मी कालपासून शोधून राह्यली होती. मोबाईलवर तिच्या भाषेत 'मिरचीचं क्रॉसिंग' असं लिवून पाह्यलं, तं तिचे व्हिडिओच निंघाले. जेवनाचे, कुत्र्याचे, अन् मंधातच शेडनेटचा. तेच शेड, तेच टोपी. लान नाव हाय तिचं. मी तिले लिवलं, माहा फोटो बी धाडला, मोबाईल भाषा बदलून देते."

"अन् ती काय म्हंते?" मी विचारलं. मला वाटलं, चौदाशेचं गुपित कळेल.

काजलने मोबाईल पुढे केला. यंत्राने केलेलं मराठी होतं, शाळेतल्या धड्यासारखं. "नमस्कार लाल रुमालवाली बहीण. मी तुला ओळखते. आमचे व्यवस्थापक दर सोमवारी तुझा व्हिडिओ आम्हाला दाखवतात."

मी ते दोनदा वाचलं. तोपर्यंत अख्खी टोळी चिमटे घेऊन मागे उभी राहिली होती.

मग सगळ्यांनाच आठवलं. मागच्या हंगामात हर्षल साहेबाने आमच्याकडे एक व्हिडिओ काढला होता, प्रशिक्षणासाठी म्हणून. सगळ्यांना चांगल्या साड्या नेसून बोलावलं आणि सांगितलं की फक्त दोन मिनिटं, जमेल तेवढा जोरात हात चालवा. बायकांनी आधीच केलेल्या कळ्यांवर नुसतेच चिमटे नाचवले होते, आणि नंतर पेढे खाल्ले होते. तो व्हिडिओ समुद्र ओलांडून गेला होता. लानच्या व्यवस्थापकाने तिकडे सांगितलं होतं की हिंदुस्थानातल्या दुसरबीड गावच्या बायका दिवसाला पंधराशे कळ्या करतात आणि तुमच्यापेक्षा तीस टक्के स्वस्तात माल देतात.

"पंधराशे!" मावशी म्हणाली. "आपुन? इचार तिले, तुमी खरंखरं किती करता?"

उत्तर आलं. "हजार. स्टूल मोडलेला असेल तर नऊशे. व्हिडिओच्या दिवशी आम्हालाही दोन मिनिटं जोरात करायला सांगितलं होतं."

त्यानंतर कामाला कुणी गेलंच नाही. निरोप जायला लागले, यायला लागले. लानने लिहिलं की त्यांच्या व्यवस्थापकाला कुणीतरी वरून सांगितलं, हिंदुस्थानी बायका लहानपणापासून पीठ मळतात म्हणून त्यांची बोटं चालतात. त्याने पोतंभर पीठ आणलं आणि रोज वीस मिनिटं सगळ्यांना मळायला बसवलं. पुढे त्या पिठाचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. बायका इतक्या हसल्या की दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मीही हसलो, मग काड्या आठवल्या आणि थांबलो.

लानने आणखी एक विचारलं. "तुमच्या व्हिडिओत मागे उभा राहून पूर्ण दोन मिनिटं फोनवर बोलणारा माणूस कोण आहे?"

"मालक," काजलने लिहिलं.

"आमच्याकडेही एक आहे," तिकडून आलं.

त्या दुपारी मी बांध ओलांडला. चार वर्षांनी पहिल्यांदा. शालिग्राम पाईप जोडत होता. मी त्याला मोबाईलवर सगळं दाखवलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, पाईप खाली टाकला आणि म्हणाला, "म्हंजे मी पाठीचे स्टूल फुकटच आनले का बे?" मग त्याने मला त्या थर्मासातला चहा दिला. चांगला होता. बाभळीचा विषय दोघांनीही काढला नाही.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी हर्षल साहेब आला. बैठक माझ्याच शेडनेटात ठेवली होती. सकाळी साडेदहाची वेळ काजलने ठरवली, कारण तेव्हा व्हिएतनामला बारा वाजतात आणि त्यांची जेवणाची सुट्टी असते. मी, शालिग्राम आणि स्टुलांवर बसलेल्या तेरा बायका. बाकीच्या प्लॉटवाल्यांनी निरोप पाठवला होता की तुम्ही कराल ते आम्हाला मान्य, म्हणजे फसलं तर शिव्या द्यायला मोकळे.

हर्षल साहेबाने पिशवीतून कागद काढले. "मित्रहो," तो म्हणाला, "मला सांगायला वाईट वाटतं, पण व्हिएतनामच्या उत्पादकांनी कमी भावाला होकार दिला आहे. आता निर्णय तुमच्या हातात आहे."

"कोनं देला होकार?" रुख्मिणीमावशीने विचारलं.

"व्हिएतनामच्या लोकांनी, मावशी."

"नाव सांग ना. माहितीतले असतीन तं इचारून घेऊ."

हर्षल साहेब हसला, समजूतदारपणे. तेवढ्यात काजलने मोबाईल टोमॅटोच्या काठीला टेकवून उभा केला, आणि पडद्यावर पिवळी टोपी आली. मागे आणखी दहा-बारा टोप्या. सगळ्यांच्या हातात वाट्या आणि काड्या.

"नमस्कार दुसरबीड," मोबाईलमधलं यंत्र म्हणालं.

हर्षल साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त बाकीचा चेहरा त्याच्यामागून निघून गेला. लानने एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. अक्षरं त्यांची होती, पण वरचं कंपनीचं चिन्ह आमच्या कागदावर होतं तेच. काजलने तो कागद मोबाईलच्या यंत्राला दाखवला आणि मोठ्याने वाचला. "दुसरबीडच्या उत्पादकांनी कमी भावाला होकार दिला आहे. आता निर्णय तुमच्या हातात आहे."

"तुम्ही होकार दिला का?" लानने विचारलं.

"नाई!" तेरा बायका एकदम म्हणाल्या. याला भाषांतर लागलं नाही.

"आम्हीही नाही," ती म्हणाली.

"अवं माय वं!" हा आवाज हर्षल साहेबाचा होता. "मले काय मालूम! मले वरून जे येते थे मी खाली पाठवतो! मी काय करू, माही नवकरी हाय!"

मावशी स्टुलावरून पुढे वाकली.

"तू कुठला हायेस बे?"

"सुलतानपूरचा," तो मान खाली घालून म्हणाला.

"आपल्या लोनारच्या बाजूचं? मंग पयल्या दिवसापासून असं बोलाले काय झालं होतं? आमाले वाटलं पुन्याहून आनला. काजल, पानी दे त्याले."

पाणी पिऊन त्याने घाम पुसला आणि बाहेर जाऊन वरच्या साहेबाला फोन लावला. जाळीतून त्याची सावली दिसत होती. ती इकडून तिकडे जात होती, मध्येच हात उडवत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. शालिग्राम नखं खात होता. बायका मात्र व्हिएतनामच्या वाट्यांत काय भाजी आहे ते पाहत होत्या.

पंधरा मिनिटांनी हर्षल आत आला. साहेब म्हणायचं आता कुणाच्याच जिभेवर येईना. "भाव हाय थोच राह्यते," तो म्हणाला. "प्रोग्राम बी इथंच. तिकडचा बी हाय तसाच ठेवतो म्हंते. फक्त थो फोन बंद करा म्हंते, अन् मालकायच्या गटावर टाकू नोका म्हंते."

मी शालिग्रामला मिठी मारली. शालिग्रामने मला मारली. आमच्या दोघांचेही डोळे भरले होते. सहा वर्षांची मिरची, माझं शेडनेट, माझं भागवतभाऊ असणं, सगळं जागेवर राहिलं होतं. तिकडे टोप्या टाळ्या वाजवत होत्या. मला राहवलं नाही. मी मोबाईलसमोर उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो की कष्ट करणाऱ्याला एकमेकांची भीती दाखवून कमी पैशांत राबवून घ्यायचं, हा काय न्याय झाला? म्हणालो की ज्याचा हात त्याचा मोबदला, मग तो दुसरबीडचा असो की व्हिएतनामचा. फार चांगलं बोललो. हर्षलनेसुद्धा टाळी वाजवली.

यंत्राने माझं भाषण तिकडे सांगितलं. लानने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एक छोटा प्रश्न विचारला.

काजलने तो वाचला. "इचारून राह्यली, तुमाले दिवसाचा रोज किती भेटते?"

"तीनशे," मावशी म्हणाली. काजलने लिहिलं. तिकडून त्यांचा आकडा आला. काजलने तो रुपयांत करून सांगितला, आणि तो तीनशेपेक्षा बराच जास्त होता. तेरा स्टूल एकदम करकरले. शालिग्रामला अचानक आठवलं की त्याची मोटर चालू राहिली आहे. तो गेला.

"रेंज गेली वाटते," मी म्हणालो.

"चार कांड्या हायेत, भाऊ," काजल म्हणाली. "साडेतीनशे लिवू का?"

मी मघाशी केलेलं भाषण अजून हवेत होतं. हर्षल माझ्याकडे जरा जिव्हाळ्याने पाहत होता, आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखा. मी मान हलवली. साडेतीनशे. टोळीत हसू फुटलं, आणि मला वाटलं, चला, एवढ्यात सुटलो.

पण लानचं संपलं नव्हतं. तिने वंदनाकडे बोट दाखवलं. "ती, कडेला बसलेली. आम्हाला दाखवतात त्या व्हिडिओत सगळ्यात जलद हात तिचा आहे. तिला किती मिळतात?"

वंदना लाजली. "मले काय भेटन? मी मालकीन हाय," ती म्हणाली.

काजलने ते पाठवलं. तिकडे लानने वाचलं, शेजारणीला दाखवलं, तिने तिच्या शेजारणीला दाखवलं. त्यांची काहीतरी चर्चा झाली. मग उत्तर आलं. "यंत्राने भाषांतर चुकवलेलं दिसतं. पुन्हा विचारते. ती तुमच्याबरोबर सात वाजता येते का?"

"हाव," मावशी म्हणाली.

"तुमच्याएवढ्या कळ्या करते का?"

"आमच्यापरीस दीडशे जास्ती."

"मग तिला किती?"

बाराही जणी माझ्याकडे बघत होत्या. वंदना बघत नव्हती. तिने टोपी काढून मांडीवर घेतली होती. सहा हंगाम ती माझ्या आधी उठून, माझा डबा भरून, या जाळीत येऊन बसली होती, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. समुद्रापलीकडच्या बाईला तो अर्ध्या तासात पडला. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"लिव," मी काजलला म्हणालो. "तिले बी साडेतीनशे. आजपासून."

वंदनाने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"अन् मागच्या सा वर्साचे?"

मी काजलकडे वळलो, पण तिने तेही पाठवून दिलं होतं, आणि तिकडच्या सगळ्या बाया जेवण थांबवून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.